आजोबा, नातवंडें आणि खेळण्यांतला ड्रोन

वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशा वडीलधाऱ्या मंडळींनीं ड्रोन पाहिला तो बहुधा कामाच्या निमित्तानें. कोठें लग्नाच्या मांडवावर तो छायाचित्रें घेत घिरट्या घालून गेला, कोठें कपाशीवर औषध फवारून गेला. २४ एप्रिल २०२० रोजीं केंद्र सरकारनें स्वामित्व योजना सुरू केली आणि साखळी ओढीत फिरणाऱ्या मोजणीदाराच्या जागीं गांवठाणें मोजावयास हें उडतें यंत्र येऊं लागलें. नातवंडांची दृष्टि निराळी. त्यांना हें यंत्र कामाचें नव्हे, खेळाचें वाटतें. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटींत पुण्या-मुंबईहून नातू किंवा नात आर्वीला, हिंगणघाटला, देवळीला आजोबांच्या घरीं उतरली कीं दुसऱ्या दिवशीं मागणी पुढें येते : आजोबा, ड्रोन घेऊं या. आजोबा बाजारांत जातात आणि दुकानदार जें पुढें करील तें घेऊन येतात. पंधरा मिनिटांत तो ड्रोन शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन बसतो, किंवा पऱ्हाटींत पडून त्याचें एक पातें मोडतें, आणि सुटीचे उरलेले दिवस तो फडताळांत पडून राहतो. पैसे गेले याचें आजोबांना फारसें कांहीं वाटत नाहीं. मुलाचा विरस झाला हें मात्र मनाला लागून राहतें. ही निराशा बव्हंशीं निवड चुकल्यामुळें पदरीं येते, आणि ती टाळतां येण्यासारखी आहे.

निवडीपूर्वीं हें यान उडतें कसें तें थोडें समजून घेतलेलें बरें. दुकानदाराच्या बोलण्यांतलें किती घ्यावें आणि किती सोडावें हें त्यावरूनच कळतें. चार कोपऱ्यांवर चार पंखे आणि मध्यें बॅटरी, एवढाच त्याचा जीव. एकाच पंख्यानें यान उचलतां येईल. पण पंखा ज्या दिशेनें फिरतो तिच्या उलट दिशेनें यानाचें अंग गरगरूं लागेल. घरांतला पंखा तुळईला घट्ट बांधलेला असतो म्हणून तसें होत नाहीं. हवेंत तुळई नाहीं. यासाठीं तिरकस समोरासमोर असलेले दोन पंखे घड्याळाच्या कांट्यांप्रमाणें आणि उरलेले दोन त्याच्या उलट फिरवितात, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींना मारून टाकतात. चारही पंखे वेगानें फिरले कीं यान चढतें. मागले दोन पुढल्या दोहोंपेक्षां जोरांत फिरले कीं तें नाकाकडे झुकून पुढें सरकतें. एका दिशेनें फिरणारी जोडी दुसरीहून जोरांत फिरली कीं तें जागच्या जागीं वळतें. सुकाणू नाहीं, शेपूट नाहीं. सारा कारभार चार पंख्यांच्या गतींतील तारतम्यावर.

हें तारतम्य क्षणोक्षणीं राखावें लागतें आणि तेंच कठीण. फ्रान्समध्यें ब्रेगे बंधु व प्राध्यापक रिशे यांनीं १९०७ सालीं चार पंख्यांच्या चौकटीचें एक मोठें यंत्र माणसासह जमिनीवरून उचललें; परंतु तें उलटूं नये म्हणून चार माणसांना चार कोपरे सांभाळीत उभें राहावें लागलें. त्या चौघांचें काम आज नखाएवढी एक कपची करते. यान कोणीकडे कललें हें ती सेकंदांत शेंकडों वेळां मोजते आणि त्या त्या पंख्याची गति कमीजास्त करते. मराठी प्रेक्षकांपैकीं पुष्कळांना असें यान प्रथम दिसलें तें २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' या चित्रपटांत. तें मुंबईच्या आयआयटींतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या आयडियाफोर्ज या कंपनीनें केलेलें होतें. त्या वेळीं जें हुशार इंजिनियरांचें काम होतें तें आज खेळण्यांच्या दुकानांत दोरीला टांगलेलें असतें. अर्थात् बाहेरून सारखे दिसणारे दोन ड्रोन आंतून सारखे असतीलच असें नाहीं. एक सोडून दिल्यावर जागीं स्थिर राहतो, दुसरा सारखा एका बाजूस वाहत जातो. फरक असतो तो त्या कपचींत आणि तिला दिलेल्या शिकवणुकींत, रंगांत किंवा दिव्यांत नव्हे.

पहिली कसोटी वजनाची. भारत सरकारचे ड्रोनविषयक नियम २५ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्ध झाले. त्यांत २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनांचा 'नॅनो' नांवाचा सर्वांत लहान वर्ग केला असून असा ड्रोन उडविणाऱ्यास वैमानिकाचा परवाना लागत नाहीं. ही २५० ग्रॅमची रेघ इतर अनेक देशांतही आहे. म्हणूनच डीजेआय या चिनी कंपनीनें २०१९ सालीं आपला मॅव्हिक मिनी काढला तो बरोबर २४९ ग्रॅमचा. जपानांत त्या वेळीं ही रेघ २०० ग्रॅमवर होती, तर तेथल्यासाठीं तोच ड्रोन १९९ ग्रॅमचा केला! कायद्याच्या दृष्टीनें पाव किलो हलका असेल, पण नातवंडाच्या खेळासाठीं तो फार झाला. पाव किलोची टणक वस्तु दुमजली घराच्या उंचीवरून डोक्यावर आदळली तर काय होईल हें कोणास सांगावयास नको. पहिला ड्रोन शंभर ग्रॅमच्या आंतला असावा. त्यांतही दोन जाती कराव्या. माजघरांत, पडवींत, पावसाळ्याच्या दिवसांत उडवावयाचा असेल तर तीस-चाळीस ग्रॅमचा तळहाताएवढा पुरे. तो भिंतीवर आपटला तर भिंतीचेंही नुकसान नाहीं आणि त्याचेंही नाहीं. वावरांत किंवा मैदानांत उडवावयाचा तर ऐंशी-शंभर ग्रॅमचा बरा, कारण त्याहून हलक्याला वाऱ्याची झुळूकही कटी पतंगासारखी घेऊन जाते. एकच घ्यावयाचा असेल आणि मूल आठ-नऊ वर्षांच्या आंतलें असेल, तर निःशंकपणें घरांतला घ्यावा.

दुसरी कसोटी पंख्यांची. पंख्यांच्या भोंवतीं पूर्ण वर्तुळाचें कडें किंवा जाळी हवी. नुसत्या बाहेरच्या बाजूस अर्धगोल तार बसवून 'गार्ड आहे' असें सांगतात, त्यानें भिंत वांचते. बोट वांचत नाहीं. लहान पंख्यानें बोटाला चटका बसण्यापलीकडे फारसें होत नाहीं हें खरें, पण डोळ्याची गोष्ट वेगळी. इंग्लंडांत २०१५ सालीं अंगणांत उडणारा एक ड्रोन झाडाला लागून फिरला आणि सुमारें दीड वर्षाच्या बालकाच्या चेहऱ्यावर आदळला. त्या बालकाचा एक डोळा गेला. उडविणारा माणूस अगदीं नवखा नव्हता, आणि तो परकाही नव्हता. तेव्हां मोठा नातू उडवीत असतांना धाकटें भावंड कोठें आहे हें पाहणें ज्या घरांत जमणार नाहीं, त्या घरांत जाळीवांचूनचा ड्रोन येऊंच नये. चष्मा नसलेल्या मुलालाही साधा पारदर्शक चष्मा घालावयास द्यावा. मुलें त्यास नाहीं म्हणत नाहींत. वैमानिकाचा वेष म्हणून आनंदानें घालतात.

तिसरी गोष्ट उंची राखण्याची. जुन्या स्वस्त ड्रोनांत डाव्या दांड्यावरचा अंगठा किंचित् हलला कीं यान एकदम वर जाई, किंचित् सैल झाला कीं धाडकन् खालीं येई. नवशिक्याचा सारा जीव त्या एका अंगठ्यांत अडकून पडे. आतां पुष्कळ ड्रोनांत हवेचा दाब मोजणारी कपची असते. दांडा सोडून दिला कीं यान आहे त्याच उंचीवर थांबतें. आजोबांच्या हाताला किंचित् कंप असेल तर ही सोय नसलेला ड्रोन घेऊंच नये. एका बटनानें उडणें, एका बटनानें उतरणें आणि संकटाच्या वेळीं चारही पंखे तत्काळ बंद करणारें बटन, हीं तीनही असावीं. शेवटचें तर अवश्य असावें, आणि तें कोठें आहे हें पहिल्या उड्डाणापूर्वीं आजोबा व नातवंड या दोघांनींही डोळे मिटून दाखवावें. कांहीं यानांच्या पोटाला जमीन पाहणारा एक बारीक कॅमेरा असतो, त्यामुळें यान इकडेतिकडे वाहत जात नाहीं. ही सोय उत्तम. परंतु एकसारख्या रंगाच्या गुळगुळीत फरशीवर किंवा संध्याकाळच्या अंधारांत त्याला कांहीं दिसत नाहीं आणि तें भरकटतें. सतरंजी अंथरली कीं लगेच स्थिर होतें.

'हेडलेस' नांवाची एक सोय दुकानदार फार कौतुकानें सांगतात. तिच्याविषयीं थोडें बोलावयास हवें, कारण शिकणाऱ्याला सर्वांत जास्त छळणारी अडचण तीच आहे. यानाचें नाक उडविणाऱ्याच्या पुढील दिशेकडे असेपर्यंत उजवें तें उजवें आणि डावें तें डावें असतें. यान वळून नाक उडविणाऱ्याकडे झालें कीं सगळें उलटें. समोर तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डावीकडे असतो, तसेंच हें. हेडलेस सोय चालू केली म्हणजे नाक कोठेंही असो, दांडा उजवीकडे लोटला कीं यान उडविणाऱ्याच्या उजवीकडे जातें. ऐकावयास छान, पण स्वस्त यानांत थोड्याच वेळांत दिशेचा हिशेब चुकतो आणि मग उजवें ना डावें असें होतें. शिवाय त्या संवयीचें मूल पुढें कधीं नीट उडवावयास शिकत नाहीं. त्यापेक्षां जुनी रीत बरी. बैलगाडी हांकणारा बैलांच्या मागें बसतो, पुढें तोंड करून नव्हे. यानाची शेपटीकडची बाजू सदैव आपल्याकडे ठेवावयाची, एवढा एकच नियम पहिले आठ दिवस पाळला तर उजव्या-डाव्याचा घोटाळा होतच नाहीं. मागच्या बाजूस निराळ्या रंगाचे दिवे किंवा पातीं असलेला ड्रोन यासाठीं निवडावा. नसतील तर लाल चिकटपट्टीचा तुकडा लावावा.

कॅमेऱ्याचा मोह आवरावा. खोक्यावर 'फोर के' छापलेलें असतें आणि आंतलें चित्र जुन्या मोबाइलच्या चित्राहून वाईट निघतें. कॅमेऱ्यानें वजन वाढतें, उड्डाणाची मिनिटें घटतात आणि मुख्य म्हणजे मुलाचें लक्ष यानावरून उडून मोबाइलच्या पडद्यावर जातें. भर उन्हांत तो पडदा आजोबांना दिसत नाहीं तो नाहींच. केवळ मोबाइलवर चालणारे ड्रोनही पहिल्या वेळीं घेऊं नयेत. कांचेवर बोट फिरवितांना दांडा कोठें आहे हें अंगठ्याला कळत नाहीं. खरे दांडे असलेला, मोठ्या माणसाच्या हातांत नीट बसेल असा रिमोट हवा. दोन हजार रुपयांच्या ड्रोनाचे कांहीं रिमोट काडेपेटीएवढे असतात; ते पाहून तो ड्रोन परत ठेवावा.

आतां बॅटरी. येथें बहुतेकांचा हिशेब चुकतो. खेळण्यांतला ड्रोन एका बॅटरीवर पांच ते आठ मिनिटें उडतो आणि ती बॅटरी पुन्हां भरावयास तास-दीड तास लागतो. म्हणजे सात मिनिटांचा खेळ आणि सत्तर मिनिटांची वाट! आठ वर्षांच्या मुलाला हें मानवणार कसें? म्हणून ड्रोनाच्या किमतीचा विचार करतांना निदान तीन बॅटऱ्यांसह करावा. तीन बॅटऱ्या म्हणजे वीस मिनिटें. एका सकाळला तेवढीं पुरतात. ज्या ड्रोनाची बॅटरी काढतां येत नाहीं, किंवा जादा बॅटरी स्वतंत्र विकत मिळत नाहीं, तो कितीही स्वस्त असला तरी महाग समजावा.

या बॅटऱ्या लिथियमच्या असतात आणि वर्ध्याच्या उन्हाळ्याशीं त्यांचें पटत नाहीं. मे महिन्यांत येथें पारा ४५ अंशांच्या पुढें जातो. सामान्यतः तेवढ्याच तापमानापर्यंत लिथियमची बॅटरी भरणें सुरक्षित मानतात. दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं, मोटारींत किंवा ओट्यावरच्या उन्हांत ती भरावयास लावणें म्हणजे आग ओढवून घेणें होय. उड्डाणानंतर बॅटरी स्वतःही तापलेली असते. हाताला गार लागेपर्यंत चार्जरला लावूं नये. भरावयास ठेवावी ती फरशीवर किंवा मातीच्या ताटलींत, गादीवर किंवा उशीजवळ नव्हे, आणि ती भरत असतांना घरांत जागें मोठें माणूस असावें. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी बाद. उन्हाळ्याचा आणखी एक परिणाम यानावर होतो. हिवाळ्यांतल्या १५ अंशांच्या हवेपेक्षां ४५ अंशांची हवा सुमारें एक दशांशानें विरळ असते. तितकीच पंख्यांची पकड कमी होते आणि तें यान मंद, जड वाटूं लागतें. यंत्र बिघडलें असें समजून कित्येक जण दुकानांत परत नेतात!

दुरुस्तीची सोय ही खरी तर पहिलीच कसोटी मानावी, कारण हें खेळणें पडणार आणि मोडणार हें ठरलेलेंच आहे. या बाबतींत वर्ध्याच्या लोकांना एक चांगलें माप घरच्या घरीं मिळण्यासारखें आहे. अखिल भारतीय चरखा संघानें १९२९ सालीं सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें होतें. त्याच्या अटींत चरख्याची किंमत दीडशें रुपयांहून अधिक नसावी, तो वीस वर्षें टिकावा आणि झिजलेले भाग बदलण्याचा वार्षिक खर्च किमतीच्या शेंकडा पांचांहून जास्त होऊं नये, अशा अटी होत्या. यंत्र कसें चालतें एवढेंच न पाहतां तें मोडल्यावर खेड्यांत कसें उभें करतां येईल हें आधीं विचारणारी ही दृष्टि होती. ग्रामोद्योगांचीं साधनें पाहावयाचीं असतील तर १९३८ सालीं वर्ध्यास उघडलेलें मगन संग्रहालय आहेच. नातवंडाला घेऊन तेथें एक दुपार काढली तर ड्रोनाविषयींचे प्रश्न तें तेथेंही विचारील. खेळण्यांतला ड्रोन वीस वर्षें टिकणार नाहीं, वीस महिने टिकला तरी पुष्कळ. पण पातीं, कडीं, बॅटऱ्या आणि मोटरी सुट्या मिळतात काय, मिळत असल्यास केवढ्याला, हें दुकानदारास विचारावें, आणि त्यास उत्तर देतां आलें नाहीं तर दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी. लहान मोटरी ब्रशच्या असतात व कांहीं तासांच्या उड्डाणानंतर झिजतात. ती झीज आहे, दोष नव्हे.

पातें बदलतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. चारही पातीं दिसावयास सारखीं, पण तीं दोन जातींचीं असतात, कारण दोन पंखे उलटे फिरतात. पात्यावर बारीक अक्षरांत 'ए' व 'बी' अशी खूण असते. चुकीचें पातें बसविलें तर यान उडतांक्षणींच पालथें पडतें. हें काम मुलाच्याच हातीं द्यावें. आजोबांनीं भिंग धरून अक्षर वाचून दाखवावें. अमेरिकेंत १८७८ सालीं राइट बंधूंच्या वडिलांनीं बांबू, बूच, कागद व रबरी पट्टी यांचें एक उडतें खेळणें घरीं आणलें. विल्बर तेव्हां अकरा वर्षांचा व ऑर्व्हिल सात वर्षांचा होता. तें खेळणें लवकरच मोडलें, आणि मग त्या मुलांनीं तसेंच दुसरें स्वतः करावयास घेतलें. पुढें १९०३ सालीं त्यांनीं काय केलें हें सर्वांस ठाऊक आहे.

विकत घेतांना खोक्यावर आयएसआय खूण पाहावी. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची झाली. मात्र येथें एक मखलाशी असते. पुष्कळ ड्रोनांच्या खोक्यावर '१४ वर्षें व त्यापुढील' असें छापलेलें असतें. म्हणजे बनविणारा स्वतःच सांगत असतो कीं हें मुलाचें खेळणें नव्हे. असा ड्रोन दहा वर्षांच्या नातवासाठीं घ्यावयाचा असेल तर तो आजोबांचा ड्रोन आहे असें समजून घ्यावा, आणि रिमोट आजोबांच्या हातांतच राहावा. परदेशीं असलेल्या लेकाला 'येतांना एक घेऊन ये' असें कळविण्याचा मोहही टाळावा. तयार परदेशी ड्रोनांच्या आयातीवर केंद्र सरकारनें ९ फेब्रुवारी २०२२ रोजीं बंदी घातली. सुट्या भागांना तेवढी मोकळीक ठेवली.

कोठें उडवावा आणि कोठें उडवूं नये, हा विषय कायद्याचा तसा शहाणपणाचा. सरकारी नियमांप्रमाणें आकाशाचे हिरवा, पिवळा व तांबडा असे भाग पाडलेले आहेत. हिरव्या भागांत ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाहीं, तांबड्यांत केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय जातां येत नाहीं. नागपूरचा विमानतळ दूर असल्यामुळें त्याच्या भोंवतालचीं बंधनें वर्धा जिल्ह्यापर्यंत पोहोंचत नाहींत; पण जिल्ह्यांत पुलगांव आहे. तेथील लष्कराचें मध्यवर्ती दारूगोळा भांडार देशांतील मोठ्या भांडारांपैकीं एक. ३१ मे २०१६ रोजीं तेथें लागलेल्या आगींत जवान व अग्निशामक दलाचे लोक मिळून अनेक जण मृत्युमुखीं पडले. त्या परिसरांत खेळण्यांतलाही ड्रोन उडवूं नये. पहारेकऱ्याला तो खेळण्यांतला आहे हें दुरून कळत नाहीं. बोर धरणावर सहलीस जातांनाही ड्रोन घरींच ठेवावा. तेथील अभयारण्य २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प झालें आहे, आणि पाणपक्ष्यांच्या थव्याला पंख्यांचा आवाज सोसत नाहीं. निवडणुका, मोठ्या व्यक्तींचे दौरे किंवा तणावाचे दिवस असतील तेव्हां जिल्ह्यांत मनाईहुकूम निघतात. मे २०२५ मध्यें मुंबई पोलिसांनीं असाच हुकूम काढून ड्रोन बंद केले होते. वर्तमानपत्रावर नजर ठेवावी, नाहीं तर पोलीसठाण्यांत विचारावें.

रात्रीं उडवूंच नये. २०२४ सालच्या पावसाळ्यांत मराठवाड्यांतील कित्येक गांवांवर रात्रीं ड्रोन फिरतात, चोर पाळत ठेवतात, अशा बातम्यांनीं लोक धास्तावले होते आणि गस्ती घालूं लागले होते. अशा वेळीं एखाद्या मुलाचें लुकलुकतें खेळणें शेजारच्या आळींत उतरलें तर काय प्रसंग ओढवेल! दिवसासुद्धां शेजाऱ्यांना आधीं सांगावें, आणि शेजारच्या मुलांना एकदां रिमोट हातीं द्यावा. मग छपरावर अडकलेला ड्रोन काढावयास शिडी शेजाऱ्याकडूनच येते.

खेड्यांतील खरा धोका मात्र वर नाहीं, खालीं आहे. आकाशाकडे पाहत मागें मागें सरकणारें मूल आणि वावरांतली कठडा नसलेली विहीर, या दोहोंची गांठ पडूं देतां कामा नये. तसेंच कठडा नसलेली गच्ची. जागा निवडल्यावर पहिलें काम म्हणजे दोघांनीं मिळून तिची फेरी घालणें : विहीर कोठें आहे, विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत, तूर किंवा कपाशी कोठें उभी आहे. उडविणाऱ्यानें उभें राहण्याची जागा चुन्यानें आंखावी आणि यान हवेंत असेतोंवर ती सोडूं नये. तारांत अडकलेला ड्रोन गेला असें समजावें. त्याच्यासाठीं काठी घेऊन कोणी धांवूं नये. संक्रांतीच्या आगेंमागें पतंगांचा मांजा आकाशांत असतो. राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं बंदी घातलेला नायलॉनचा मांजाही अजून मधूनमधून सांपडतो, आणि एक धागा पंख्यांत गुरफटला कीं मोटर जळते.

वाऱ्याची पारख आजोबांना शिकवावी लागत नाहीं. खळ्यावर धान्य उपणतांना जो वारा हवाहवासा वाटे, नेमका तोच येथें नको. पिंपळाचें पान उगीचच सळसळतें, त्यावर विसंबूं नये. निंबाच्या बारीक डहाळ्या सारख्या हलत असतील तर वारा ताशीं बारा किलोमीटरांच्या वर गेला असें समजून ड्रोन खोक्यांतच ठेवावा. उन्हाळ्यांत सकाळीं सहा ते आठ ही वेळ, दुपारच्या वावटळी सुरू होण्यापूर्वीं. हिवाळ्यांत दंव वाळल्यावर.

पहिल्या दिवशीं उंच जावयाचेंच नाहीं. छातीइतक्या उंचीवर यान नुसतें उभें ठेवावयाचें आणि उतरवावयाचें, एवढ्यांत पहिली बॅटरी संपवावी. दुसरींत पुढें चार पावलें नेऊन मागें आणावें. चौकोन करणें, वळणें हें दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचें काम. दोन पुरुष उंचीच्या वर जाण्याची गरज पहिल्या आठवड्यांत पडत नाहीं. मूल आजोबांपेक्षां लवकर शिकतें, हें आजोबांनीं आधींच मनाशीं मान्य करून ठेवावें. मग एकानें उडवावयाचें आणि दुसऱ्यानें पहारा करावयाचा, अशी वांटणी आपोआप होते. पहारेकऱ्याचें काम कमी दर्जाचें नाहीं. गाई-गुरें, धाकटीं भावंडें, घार आणि घड्याळ या चौघांवर त्याची नजर असावी लागते. पांच मिनिटें झालीं कीं त्यानें हांक द्यावी. बॅटरी पार संपेपर्यंत उडविली तर यान कोठेंही उतरतें, आणि बॅटरीचें आयुष्यही घटतें. बॅटऱ्या आजोबांच्या खिशांत राहाव्या. एक बॅटरी एका फेरीला, आणि दोन फेऱ्यांच्या मध्यें पातीं पुसून तीं कोठें चिरलीं काय हें पाहणें, अशी शिस्त असली म्हणजे रिमोटवरून भांडण होत नाहीं.

इतकें करूनही एखाद्या दिवशीं तो उभ्या तुरींत जाऊन पडेल. अशा वेळीं दोघांनींही धांवत सुटूं नये. आजोबांनीं होते तेथेंच उभें राहून, जेथें तो दिसेनासा झाला तिकडे हात सरळ धरून ठेवावा. मुलानें त्या हाताच्या रेषेंत चालत जावें आणि आजोबा 'डावीकडे', 'आणखी पुढें' असें सांगत राहतील तसें सरकावें. जवळ गेल्यावर रिमोटवरचा दांडा किंचित् वर करण्याचा मोह होतो. तो करूं नये, अडकलेल्या पंख्यानें मोटर जळते. पाहावेत ते त्याचे दिवे, आणि ते पानांआड दिसत नसतील तर दोघांनीं गप्प उभें राहून ऐकावें. बॅटरी संपत आली म्हणजे कांहीं ड्रोन बारीक आवाज करीत राहतात, आणि सकाळच्या शांत वेळीं तो आवाज बराच दूरवर ऐकूं येतो.